पेनड्राइव्हवरची उबंटू चालू होत नाही म्हणजे फायली गेल्या?

इंजिनिअरिंगच्या होस्टेलांपासून तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या काउंटरपर्यंत पुण्यात एक सल्ला हमखास मिळतो: पेनड्राइव्हवरची उबंटू (लिनक्सवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) बूट, म्हणजे सुरू होत नसेल तर आतलं सगळं गेलं, फॉरमॅट मारा. साफ चूक. फायली बहुतेकदा जातात त्या या सल्ल्यामुळेच.

बूट अडतं ते सहसा बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) बिघडल्याने किंवा जागा काठोकाठ भरल्याने. पर्सिस्टन्स (बदल पेनड्राइव्हवर जपून ठेवण्याची सोय) चालू असेल तर तुमचं काम वेगळीकडे असतं. मूळ सिस्टीम फक्त वाचता येणाऱ्या, दाबून बसवलेल्या फाइलीत. तुमचे बदल 'कॅस्पर-आरडब्ल्यू' नावाच्या फाइलीत किंवा पार्टिशनवर, म्हणजे ड्राइव्हच्या वेगळ्या केलेल्या भागावर (नव्या आवृत्त्यांत त्याचं नाव 'रायटेबल'). हा भाग बहुधा एक्स्ट४ या लिनक्सच्या साठवण-पद्धतीचा. विंडोजला ती कळत नाही, म्हणून पार्टिशन दिसताच ते फॉरमॅटचं विचारतं. तिथे 'कॅन्सल'च दाबायचं.

दुसऱ्या धडक्या पेनड्राइव्हवरून उबंटू सुरू करा आणि रुसलेला जोडा. पार्टिशन फाइल मॅनेजरमध्ये सरळ उघडतं. फाइल असेल तर ती लूप माउंट करावी लागते, म्हणजे ड्राइव्हसारखी जोडून उघडावी लागते. आतल्या 'अपर' फोल्डरात 'होम' शोधा. परवानगी नाकारली तर सुडो (ॲडमिनचे अधिकार देणारी कमांड) आहेच.

पेनड्राइव्हच मरायला टेकला असेल, मधूनच गायब होत असेल, तर आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने त्याची इमेज, म्हणजे अख्ख्या ड्राइव्हची हुबेहूब प्रत काढा आणि शोधाशोध त्या इमेजवर करा. उबंटूऐवजी टेल्स (गोपनीयतेसाठीची पेनड्राइव्हवरची लिनक्स) असेल तर तिचा साठा एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतो, पासफ्रेज विसरलात तर इलाज नाही. आणि पर्सिस्टन्स नव्हतंच, तर काम रॅममध्ये होतं. मशीन बंद झालं तेव्हाच ते गेलं.