मांजराच्या शुद्धवंशीय जाती

पाळीव मांजराच्या (फेलिस कॅटस) ज्या जातींची वंशावळ नोंदवून ठेवतात आणि ठरावीक लक्षणांसाठी निवडीने पैदास करतात, त्या शुद्धवंशीय जाती होत. कुत्र्यांच्या जाती शिकार, राखण अशा कामांसाठी घडल्या. मांजरांची निवड मुख्यतः रूपासाठी, आणि तीही बहुतांशी गेल्या दीडशे वर्षांत झाली. हॅरिसन वीअर यांनी १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरवलेले प्रदर्शन हा या पैदाशीचा आरंभ समजतात. मान्य जातींची संख्या प्रत्येक नोंदणी संस्थेगणिक वेगळी असते.

पर्शियन ही सर्वांत परिचित जात. तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने १६२० च्या सुमारास इराणच्या खोरासान प्रांतातून लांब केसांची मांजरे इटलीत नेली, हे मत सर्वत्र उद्धृत केले जाते. तुर्कस्तानातील अंगोरा मांजरेही साधारण त्याच शतकात फ्रान्समध्ये पोहोचली आणि पुढे दोहोंचा संकर झाला असावा. मध्य आशियातील रानटी मनुल मांजराशी जोडलेले नाते कवटीच्या रचनेतील फरकामुळे मागे पडले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात आजची पर्शियन मांजरे पश्चिम आशियापेक्षा पश्चिम युरोपातील मांजरांना अधिक जवळची आढळली. त्यामुळे इराणी पूर्वज असले, तरी आजची जात युरोपातच घडली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

लांब केस हे अप्रभावी लक्षण आहे, म्हणजे आई व वडील दोघांकडूनही त्याचे जनुक मिळाले तरच ते दिसते. केसांची वाढ थांबवणाऱ्या एफजीएफ-५ जनुकातील चार उत्परिवर्तने (जनुकात घडलेले बदल) २००७ मध्ये ओळखली गेली. त्यांपैकी एक बहुतेक लांब केसांच्या जातींत आढळते. बाकीची नॉर्वेजियन फॉरेस्ट, मेन कून, रॅगडॉल अशा मोजक्या जातींपुरती आहेत. म्हणजे हे लक्षण एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उद्‌भवले.

पर्शियनच्या आतल्या मऊ लवेचा गुंता लवकर होतो, म्हणून रोज विंचरावे लागते. चपट्या चेहऱ्यामुळे अश्रुमार्ग दबून डोळे सतत पाझरतात. तेही पुसावे लागतात. श्वसनाचा त्रास त्याच रचनेतून येतो. या जातीत आनुवंशिक बहुपुटी वृक्करोगही (मूत्रपिंडात द्रवाने भरलेल्या अनेक गाठी होण्याचा रोग) बराच आढळतो. मेन कून मांजराचे केस मात्र कमी गुंततात, आठवड्यातून एकदोनदा विंचरणे पुरते. रॅकून या अमेरिकेतील रानटी प्राण्याशी संकर होऊन ही जात निर्माण झाली, ही कथा जीवशास्त्रदृष्ट्या अशक्य आहे.

सयामी मांजराचे अंग फिकट, तर तोंड, कान, पाय व शेपटी गडद असते. रंगद्रव्य तयार करण्यास लागणाऱ्या टायरोसिनेज एंझाइमाच्या बदललेल्या रूपाचा हा परिणाम. ते शरीराच्या थंड भागांतच नीट काम करते, म्हणून गर्भाशयाच्या उबेत वाढलेली पिल्ले जवळजवळ पांढरी जन्मतात आणि वयाबरोबर, तसेच थंड हवेत, रंग गडद होतो. थायलंडच्या ‘ताम्रा मेव’ हस्तलिखितांत अशा मांजराचे वर्णन आहे. त्यातील मजकूर अयुथ्या काळातील (१३५१–१७६७) मानला जातो, मात्र उपलब्ध प्रती बऱ्याच नंतरच्या आहेत. केस आखूड असल्याने निगा थोडी लागते. ही मांजरे भारी आवाजात सतत ओरडतात.

केशहीन स्फिंक्स जात १९६६ मध्ये कॅनडात जन्मलेल्या पिल्लापासून सुरू झाली. त्वचेवरील तेल शोषायला केस नसल्याने तिला नियमित आंघोळ घालावी लागते. निगा कमी लागते हा समज चुकीचा आहे. स्कॉटिश फोल्डचे दुमडलेले कान कूर्चेच्या (कान व सांध्यांतील लवचीक ऊतीच्या) विकारामुळे असतात. तोच विकार सांध्यांतही वेदनादायक बिघाड करतो, म्हणून काही संस्था या जातीची नोंदणी करत नाहीत.

स्वभावाविषयीची विधाने बरीचशी पैदासकारांच्या अनुभवावर आधारलेली आहेत. पर्शियन शांत, सयामी माणसाळू व मागणी करणारे, रॅगडॉल उचलले असता अंग सैल सोडणारे, असे सांगतात. फिनलंडमध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मालकांना विचारलेल्या प्रश्नांवर आधारित पाहणीत जातींच्या वर्तनातील भेद दिसले आणि काही गुणांचा जवळपास निम्मा फरक आनुवंशिक आढळला. उरलेल्या भागात पिल्लूपणी, विशेषतः दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात, माणसाचा सहवास किती मिळाला याचा वाटा मोठा असतो.