गोठ्यातले बालपण आणि ॲलर्जी

गुराढोरांच्या सहवासात वाढलेल्या मुलांमध्ये दमा आणि गवतज्वर (परागांमुळे उठणारी सर्दी-शिंकांची ॲलर्जी) कमी आढळतो. या निरीक्षणाला ‘शेती-परिणाम’ म्हणतात. नाव जरा फसवे आहे, कारण वावरापेक्षा गोठ्याचा संबंध अधिक.

ॲलर्जीत पराग, धूळ, अंडे अशा निरुपद्रवी गोष्टींना शरीर शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. मग शिंका, दम, पित्ताच्या गांधी. 1989 मध्ये साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्ट्रॅकन यांनी सतरा हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा भावंडे जास्त असलेल्या घरांत गवतज्वर कमी दिसला. लहानपणी जंतूंशी गाठ पडली तर प्रतिकारशक्ती नीट वळण घेते, असा तर्क त्यातून निघाला.

गोठ्याकडे लक्ष वळले ते आल्प्स परिसरात. ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या खेड्यांतला अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षातच गोठ्यात वावरलेल्या आणि घरच्या गाईचे दूध प्यायलेल्या मुलांत दमा 1 टक्का होता; हाच संबंध एक ते पाच वर्षांच्या वयात आलेल्यांत 11 टक्के. म्हणजे वेळ चुकली की बरेच हातचे जाते.

खानदेशातल्या वाचकाला हे चित्र परके नाही. धाब्याच्या घराला लागूनच गोठा, किंवा गावकुसाला खळे. पहाटे धार काढणाऱ्या बाईच्या मागे आढ्याला झोळी टांगलेली असते. गव्हाणीत ज्वारीच्या कडब्याची कुट्टी पडली की उठलेली धूळ उन्हाच्या तिरिपेत दिसते, आणि तीच बाळाच्या नाकात जाते. या धुळीत जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे असतात, त्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात. ते थोडेथोडे पण रोज श्वासात गेले, तर श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी ए20 हे विकर अधिक बनवतात आणि दाह सुरू करणारा संदेश तिथेच दबतो. 2015 मध्ये उंदरांवर हे दाखवले गेले. ज्या उंदरांच्या फुप्फुसात ए20 नव्हते, त्यांना धुळीचा काही उपयोग झाला नाही.

नुसते खेड्यात राहून भागत नाही, हे अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांच्या तुलनेत दिसले (2016). दोघांचे मूळ मध्य युरोपात, दोघांची कुटुंबे मोठी. पण आमिश घोड्यांनी नांगरतात आणि घराजवळ गाई पाळतात, तर हटराइटांची शेती यंत्रांची. दम्याचे प्रमाण आधीच्या पाहण्यांनुसार अनुक्रमे 5 आणि 21 टक्क्यांच्या आसपास. बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेतलेल्या रावेर-यावलच्या केळी बागायतदाराचे घर गावातच असले, तरी या हिशेबात ते दुसऱ्या बाजूला पडते, असे म्हणता येईल.

दुधाचा मुद्दा अवघड आहे. युरोपातल्या मोठ्या पाहणीत संरक्षण न तापवलेल्या दुधाशी जोडलेले दिसले, उकळलेल्या दुधाशी नाही. तरीही आपल्याकडे दूध उकळूनच द्यावे; कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षय पसरतात, आणि बाळाला ते सोसत नाही. गोठ्याशेजारची चूल, कपाशीवरची फवारणी आणि जिनिंगचा कापूसधुरळा यांना तर संरक्षणाच्या यादीत मुळीच घेऊ नये. धूर आणि रुईची धूळ फुप्फुसाला इजाच करतात.

गाजर गवताचीही गोष्ट वेगळी आहे. बांधावर आणि गावठाणात माजणारे हे तण अंगाला लागले, किंवा त्याचे वाळलेले कण वाऱ्याने उडाले, की पापण्या, मान आणि कोपराच्या खाचा खाजून सुजतात. ही ॲलर्जी मुख्यतः आयजीईची नसून टी-पेशींची (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) असते आणि बहुधा मोठेपणी, वर्षानुवर्षांच्या संपर्कानंतर उमटते. लहानपण गव्हाणीपाशी गेलेल्या शेतकऱ्यालाही ती होते.