जिवाणू फुटला की दोन सारखे तुकडे होतात?

बारावीच्या नोट्समध्ये आणि फॉरवर्डमध्ये वर्षानुवर्षे फिरणारं वाक्य: जिवाणू म्हणजे प्रथिनांची साधी पिशवी, मधोमध फुटते आणि दोन हुबेहूब पेशी होतात.

पुष्कळ जिवाणूंत असंच दिसतं, म्हणून समज रुजला. पण गोड्या पाण्यात राहणारा कॉलोबॅक्टर बघा. विभाजनाच्या वेळी त्याच्या एका टोकाला देठ, दुसऱ्याला शेपटी. विभाजनानंतर देठाची पेशी चिकटून राहते आणि लगेच डीएनएची प्रत काढू लागते. शेपटीची पोहत निघते आणि काही काळ प्रत काढूच शकत नाही.

डीएनए दोघींचा तोच, मग फरक कुठून? प्रथिनांच्या जागेतून. दोन टोकांवर वेगवेगळी प्रथिनं ठाण मांडून असतात. त्यांच्यामुळे ‘सीटीआरए’ नावाचं नियंत्रक प्रथिन शेपटीच्या पेशीत चालू राहतं आणि प्रत काढणं अडवतं; देठाच्या पेशीत ते नष्ट होतं. ‘मिपझेड’ नावाचं आणखी एक प्रथिन टोकांकडे दाट असतं, मध्याजवळ विरळ. जिथे विरळ, तिथेच विभाजनाचं कडं, म्हणजे पेशी दुभंगणारं प्रथिनांचं वर्तुळ, बसतं. मला हे फार देखणं वाटतं: ना मेंदू, ना केंद्रक, तरी पेशीला दिशा कळते.

असमान विभाजनाचा पडताळा सोलापुरातही घेता येईल, मातीतल्या बॅसिलस जिवाणूत. ज्वारीच्या रानातली चिमूटभर माती पाण्यात कालवून ८० अंशांवर १० मिनिटं ठेवा, बीजाणू, म्हणजे अशा जिवाणूंचं उष्णता सोसणारं सुप्त रूप, तगतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, ते वाढवून काही दिवसांनी मॅलाकाइट ग्रीन आणि सॅफ्रानिनने रंगवा. १००० पट मोठं केल्यावर तांबूस पेशीत हिरवा बीजाणू दिसतो. बॅसिलसमध्ये तो घडतो टोकाजवळ पडलेल्या भिंतीमागच्या छोट्या कप्प्यातून.