बाह्ययंत्रणा, शासकीय सेवांतील

नियमित पदे न भरता कार्यालयीन कामे खासगी पुरवठादाराच्या माणसांकडून करारावर करून घेण्याची शासकीय पद्धत. साफसफाई, पहारा, वाहनचालक व संगणक चालक ही तिची नेहमीची क्षेत्रे.

तिचे मूळ पेशवाईच्या अखेरच्या काळातील मक्त्यात (महसूलवसुलीच्या ठेक्यात) शोधले जाते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात (1796–1818) मामलती (मुलखाच्या महसूलवसुलीचे अधिकार) चढ्या बोलीने दिल्या जात, हे इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनच्या 1819 च्या अहवालावरून दिसते. तथापि मक्तेदार सरकारात रक्कम भरून वसुलीचा हक्क घेई. आजचा पुरवठादार सरकारकडून मोबदला घेऊन माणसे देतो. त्यामुळे हे साम्य बोलीपुरतेच मानणे सयुक्तिक होय. महाराष्ट्रातील कंत्राटी भरतीचा आरंभ सामान्यतः 2003 च्या सुमारास धरतात. सफाईची कंत्राटे बहुधा त्याआधीची असावीत.

नोव्हेंबर 2025 पर्यंत कायद्याचा पाया म्हणजे कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, 1970 हा होता. त्याच्या कलम 21 नुसार ठेकेदाराने वेतन थकवल्यास ते मूळ मालकाने, म्हणजे येथे कार्यालयाने, चुकते करून ठेकेदाराकडून वसूल करावयाचे असे. वेतन वाटताना कार्यालयाचा प्रतिनिधी हजर असावा, असेही त्यात होते. कलम 10 खाली एखाद्या कामात कंत्राटी पद्धतीस मनाई झाली, तर कामगार आपोआप मूळ मालकाचे होतात काय, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा ठरला. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये एअर इंडिया प्रकरणी होकारार्थी निर्णय दिला. 2001 मध्ये स्टील ऑथॉरिटी प्रकरणी घटनापीठाने तो फिरवला. मात्र करार निव्वळ देखावा असल्यास कामगार मूळ मालकाचेच, हा अपवाद राखला. व्यवहारात या अपवादालाच अधिक महत्त्व आहे. या अधिनियमाची जागा नोव्हेंबर 2025 मध्ये घेणाऱ्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत मुख्य कामासाठी कंत्राटी कामगारांना सामान्यतः मनाई असली, तरी सफाई व पहारा ही कामे सहसा मुख्य धरलेली नाहीत.

निविदेत किमान वेतन व भविष्य निर्वाह निधी यांना हात लावता येत नाही. म्हणून स्पर्धा सेवाशुल्कावर, म्हणजे पुरवठादाराच्या स्वतःच्या मोबदल्यावर, येऊन ठेपते. देयकाला हजेरीपट व निधीचे चलन जोडावे लागते.

6 सप्टेंबर 2023 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात माणसे पुरवणाऱ्या नऊ संस्थांचे पॅनेल नेमले. त्यात 138 प्रकारची पदे होती : अतिकुशल 74, कुशल 46, अर्धकुशल 8, अकुशल 10. सफाई व पहाऱ्यापलीकडे गेलेल्या या यादीत आरक्षणाचे काय, असा आक्षेप घेतला गेला. ऑक्टोबर 2023 मध्ये हा निर्णय रद्द झाला.