बीएमएस आहे, मग काळजी कशाला?

"बीएमएस लावलाय ना, सेल आपोआप सारखे होतील." घरी स्कूटरचा बॅटरी पॅक बांधणाऱ्यांत हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. अर्धंच खरं आहे. बीएमएस म्हणजे पॅकमधल्या सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट. साध्या बीएमएसचा बॅलन्सिंग करंट, म्हणजे सेलचा चार्ज सारखा करणारा करंट, ५० मिलिअँपिअरच्या आसपास असतो. एक सेल बाकीच्यांपेक्षा २ अँपिअर-अवर मागे असेल तर करा हिशेब: ४० तास! त्यातही एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलमध्ये हे काम चार्जिंगच्या अगदी शेवटी, साधारण ३.४ व्होल्टच्या वर चालतं. मधल्या टप्प्यात व्होल्टेज जवळपास सपाट, फरक दिसतच नाही.

म्हणून सेल आधीच सारखे करून घ्यावेत. जवळपास समान व्होल्टेजचे सेल समांतर जोडायचे, पॉवर सप्लाय आधी ३.६५ व्होल्टवर सेट करायचा आणि करंट नगण्य होईपर्यंत भरायचं. कंटाळवाणं काम आहे, दोन दिवससुद्धा जातात.

आणि चार्जर? १६ सेलच्या एलएफपी पॅकला ५८.४ व्होल्टचाच. घरात पडलेला लेड-ॲसिडचा चार्जर "बीएमएस चार्जिंग तोडेलच की" म्हणून लावू नका. तो कटऑफ शेवटच्या बचावासाठी असतो. त्यातला मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बिघडला तर बहुधा शॉर्ट होऊनच बिघडतो, म्हणजे चार्जिंग चालूच राहतं.