दत्तक नोंदींची गोपनीयता आणि मूळ शोध (ठाणे व नवी मुंबई)

दत्तक गेलेल्या मुलाच्या जन्मकुटुंबाची माहिती कोणाला, केव्हा आणि किती द्यायची, हे ठरवणारे नियम. मोठी झालेली दत्तक व्यक्ती आपल्या जन्मदात्यांचा आणि जन्मगावाचा माग काढते, त्याला ‘मूळ शोध’ म्हणतात. दत्तक कुटुंबांच्या बोलण्यात मात्र ‘रूट सर्च’ हाच शब्द रुळला आहे. नियम देशभर एकच आहेत. ठाणे आणि नवी मुंबईत त्यांच्या जोडीला जिल्ह्यांच्या बदलत्या हद्दी येतात, आणि शोध घेणाऱ्याला आधी आपला कागद कोणत्या कचेरीत आहे हे शोधावे लागते.

घरातल्या घरात होणारे दत्तकविधान या विषयात फारसे येत नाही. पुतण्याला दत्तक घेतले की देणारे आणि घेणारे दोघेही सर्वांना माहीत असतात. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली नोंदवलेल्या दत्तकपत्रावर दोन्ही बाजूंच्या सह्या असतात. गोपनीयतेचा प्रश्न उभा राहतो तो संस्थेच्या पाळण्यातून गेलेल्या बाळांबाबत.

अशा बाळाच्या फायलीत काय असते, हे ते बाळ संस्थेत कसे आले यावर ठरते. आईने स्वतः बाळ बाल कल्याण समितीपुढे (निराधार मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) सुपूर्द केले असेल, तर तिचे नाव, पत्ता, सही आणि कारण नोंदलेले असते. सही केल्यानंतर फेरविचारासाठी तिला २ महिने मिळतात, आणि ती मुदत उलटल्यावरच बाळ दत्तकासाठी मोकळे होते. बाळ कुठेतरी सापडलेले असेल, तर फायलीत नावच नसते. पोलिसांची नोंद, सापडल्याची जागा आणि तारीख, अंगावरचे कपडे, पहिली वैद्यकीय तपासणी, एवढाच ऐवज. अशा व्यक्तीचा शोध बहुधा एखाद्या पोलीस ठाण्याच्या डायरीपाशी थांबतो. हे तिला आधी आणि नीट समजावून सांगणे हे समुपदेशकाचे सर्वांत अवघड काम आहे. दत्तक आईवडिलांना मिळतो तो बाल अध्ययन अहवाल, म्हणजे बाळाविषयीची संस्थेची टिपणे, आणि वैद्यकीय अहवाल. जन्मदात्रीची ओळख त्यांना दिली जात नाही.

आजचा नियम २०१५ च्या बाल न्याय कायद्याखालील २०२२ च्या दत्तक विनियमांत आहे. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली दत्तक व्यक्ती स्वतःच केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे, ऑनलाइन अर्ज करू शकते. त्याहून लहान मुलाला दत्तक आईवडिलांसोबत अर्ज करावा लागतो आणि त्याचे वय व समज पाहून मदत केली जाते. जन्मदात्यांनी बाळ सुपूर्द करताना आपली ओळख गुप्त ठेवा असे स्पष्ट सांगितले असेल, तर त्यांची संमती घ्यावी लागते. त्यांनी नकार दिला किंवा ते सापडलेच नाहीत, तरी बाळ कोणत्या कारणाने आणि कोणत्या परिस्थितीत सुपूर्द झाले हे दत्तक व्यक्तीला सांगितले पाहिजे.

ही शेवटची तरतूद सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी ठाऊक असलेली आहे. गोपनीयता नावाला आणि पत्त्याला आहे, हकिगतीला नाही. ‘माहिती गोपनीय आहे’ एवढे ऐकून जो माघारी फिरतो, तो आपल्या हक्काची अर्धी गोष्ट तिथेच टाकून येतो.

दुसऱ्या बाजूला, दत्तक व्यक्तीचा हक्क जन्मदात्यांच्या खासगीपणावर आक्रमण करू शकत नाही, हेही विनियमांत नमूद आहे. तिऱ्हाइताला मूळ शोध घेता येत नाही. ज्या बाईने २० वर्षांपूर्वी घरच्यांना न कळवता बाळंतपण उरकले, तिच्या दारात आज अचानक कोणी उभे राहिले तर तिचा संसार मोडू शकतो. म्हणून आधी तिला विचारायचे, मगच नाव उघड करायचे, हा क्रम योग्यच आहे.

दत्तक व्यक्तीला मुळाची माहिती द्यावी या विचाराची सुरुवात १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात दिसते. परदेशी दत्तकांसंबंधीच्या त्या निकालात, मूल जाणते झाल्यावर त्याला जन्मदात्यांची माहिती देण्यास गंभीर हरकत नसावी, असे म्हटले होते. आंतरदेशीय दत्तकासंबंधीच्या १९९३ च्या हेग कराराने मुलाच्या मुळाची माहिती जपून ठेवण्याचे बंधन घातले. भारताने तो २००३ मध्ये मान्य केला. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध केल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

आता ठाण्याचे. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. म्हणजे बेलापूरच्या संस्थेतील बाळाचा आदेश ठाण्यातून, आणि शेजारच्या खारघरच्या संस्थेतील बाळाचा अलिबागहून. आदेशाविरुद्धचे अपील मात्र दोन्हीकडचे विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे बेलापूरच्या कोकण भवनात जाते.

पण आज १८ पूर्ण केलेल्या बहुतेकांचे कागद याआधीच्या, न्यायालयांच्या काळातले आहेत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. तोवर वसई, जव्हार, डहाणू हे ठाणे जिल्ह्यातच होते. जुन्या आदेशावर ‘जिल्हा ठाणे’ लिहिले असले, तरी बाळ आजच्या पालघरमधले असू शकते. कुटुंब ख्रिस्ती, मुस्लिम किंवा पारशी असेल, तर जुने प्रकरण १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली नोंदलेले असण्याची शक्यता मोठी. त्या कायद्याखाली मूल दत्तक दिले जात नसे, फक्त पालकत्व दिले जाई, आणि म्हणून ‘दत्तक’ या शब्दाने शोधून ते हाती लागत नाही. उलट, ऑगस्ट २०१५ नंतर दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांची देशभर एकच प्रतीक्षायादी झाली. त्यामुळे नेरूळमध्ये वाढलेल्या मुलाची फाईल दुसऱ्या राज्यातल्या संस्थेतही असू शकते.

महापालिकेच्या जन्मनोंदणी खिडकीवर बरेच जण आधी जातात, पण तिथे उत्तर मिळत नाही. दत्तक आदेशानंतर निघणाऱ्या जन्मदाखल्यावर दत्तक आईवडिलांचीच नावे असतात. शिवाय नवी मुंबई महापालिका १९९२ ची, पनवेलची २०१६ ची. त्याआधीचे जन्म इतर नोंदवह्यांत आहेत. आदेशावर ज्या संस्थेचे नाव आहे तिथून आणि ‘कारा’च्या अर्जापासूनच सुरुवात करणे शहाणपणाचे. माहिती अधिकाराचा अर्जही सहसा उपयोगी पडत नाही, कारण त्या कायद्याच्या कलम ८ मध्ये वैयक्तिक माहितीला संरक्षण आहे.

मूळ सापडले म्हणून कायद्याचे नाते बदलत नाही. दत्तक आदेशाबरोबर जन्मकुटुंबाशी असलेले कायदेशीर संबंध संपतात, आणि नाव कळल्याने तिकडच्या जमिनीवर किंवा घरावर नवा हक्क निर्माण होत नाही. अर्ज करण्याची वाट मात्र एकेरी आहे. विनियमांत मूळ शोध दत्तक व्यक्तीने घ्यायचा आहे, जन्मदात्रीने नव्हे. आपले बाळ कुठे वाढले याची बातमी तिच्यापर्यंत पोचते ती त्या बाळाने मोठे होऊन अर्ज केला तरच.