मर्सरीकरण, कापसाचे

कापसाचे सूत वा कापड थंड व तीव्र दाहक सोड्यात (सोडियम हायड्रॉक्साइडच्या विद्रावात) मिनिटभर भिजवून, ताणलेले असतानाच धुऊन काढण्याची प्रक्रिया. तिने कापडाला कायमची चकाकी येते, बळकटी वाढते आणि रंग गडद चढतो. इचलकरंजीत तिला ‘मर्सराइज करणे’ म्हणतात. परटाच्या भट्टीशी तिची गल्लत करू नये : भट्टीतील सौम्य सोडा तंतूवरचे मेण व मळ काढतो, तंतूतील सेल्युलोजच्या स्फटिकांना हात लावत नाही.

जॉन मर्सर (1791–1866) या लँकाशरच्या रंगतज्ज्ञाला 1844 च्या सुमारास सुती कापडातून दाहक सोडा गाळताना कापड आटून दाट झालेले दिसले. एकस्व (पेटंट) 1850 चे आहे. मर्सरचे कापड ताणलेले नसे, ते सु. 20 ते 25 टक्के आटे, म्हणून कारखानदारांनी ते स्वीकारले नाही. ताण दिल्यास चकाकी येते हे होरेस लो यांनी 1889–90 च्या सुमारास दाखवले. पुढे 1895 मध्ये जर्मनीतील क्रेफेल्टच्या थॉमस व प्रेव्हो यांनी त्याच गोष्टीचे एकस्व घेतले व वाद झाला. व्यापारी प्रसार जर्मनांमुळे झाला, तरी शोधाचा मान लो यांना देणेच न्याय्य वाटते.

कापसाचा तंतू म्हणजे सरकीवरची एकपेशीय लव. बोंडात ती गोल नळीसारखी असते. बोंड उकलून वाळले की नळी चेपते, पीळ पडतात आणि छेद घेवड्याच्या दाण्यासारखा होतो. अल्कलीत (दाहक सोड्यात) तंतू फुगतो, पीळ उलगडतात, छेद पुन्हा गोल होतो व मधली पोकळी जवळजवळ मिटते. गुळगुळीत गोल पृष्ठावरून प्रकाश एकसारखा परावर्तित होतो. चकाकी ती हीच. न उकललेल्या बोंडातले रूप तंतूला असे परत मिळावे, ही खरोखर विलक्षण गोष्ट आहे.

आतला बदल अधिक खोल असतो. तंतू सेल्युलोजचा, म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंचा, असतो व या साखळ्या बऱ्याच भागात स्फटिकांत रचलेल्या असतात. विरल विद्रावात सोडियम आयनाभोवती पाण्याचे जाड वेष्टन असते. ते स्फटिकात शिरू शकत नाही. संहती वाढली की वेष्टन आकसते, आयन साखळ्यांमधील हायड्रोजन बंध सोडवतो व अल्कली-सेल्युलोज बनते. व्यवहारात 18 ते 25 टक्के विद्राव वापरतात. धुतल्यावर सोडा निघून जातो, पण सेल्युलोज-1 (साखळ्यांची नैसर्गिक मांडणी) परत येत नाही. अधिक स्थिर असे सेल्युलोज-2 उरते. रासायनिक संघटन तेच, मांडणी वेगळी. स्फटिकी भाग घटतो, म्हणून ओलावा शोषणे सु. 7–8 टक्क्यांवरून 10–11 वर जाते. बेरियम अंक (मर्सरीकरण किती झाले याचे माप) 100 वरून पूर्ण मर्सरीकरणात 150 च्या आसपास पोचतो.

साखळ्यांच्या दिशेविषयी मात्र दीर्घ मतभेद होता. मायर व मिश (1937) यांनी नैसर्गिक सेल्युलोजात शेजारच्या साखळ्या उलटसुलट मानल्या. गार्डनर व ब्लॅकवेल, तसेच सार्को व मगली (1974) यांनी त्या एकदिश ठरवल्या. आज हेच मान्य आहे. सेल्युलोज-2 मध्ये त्या उलटसुलट असतात. 1999 चे न्यूट्रॉन विवर्तनही याला दुजोरा देते. मग न विरघळता साखळ्या उलटतात कशा? काहींनी साखळ्या दुमडतात असे सुचवले. ओकानो व सार्को (1985) यांच्या मते शेजारचे सूक्ष्मतंतूच (साखळ्यांचे बारीक जुडगे) परस्परविरुद्ध दिशांचे असतात व फुगताना त्यांच्या साखळ्या एकमेकींत मिसळतात. कोणतीही साखळी वळवावी लागत नसल्याने हे स्पष्टीकरण अधिक पटते.

कोल्हापूर जिल्ह्यात शेतात ऊस आणि मागावर कापूस. विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत 1904 मध्ये पहिला यंत्रमाग आणला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1906 मध्ये सूत व कापड गिरणी स्थापन केली. यंत्रमागावरचे कोरे कापड प्रोसेस हाऊसमध्ये (कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात) लव जाळून, खळ काढून मर्सराइज होते. फुगताना उष्णता बाहेर पडते आणि गारव्यात तंतू अधिक फुगतो. त्यामुळे उन्हाळ्यात विद्राव गार राखणे हे मोठेच काम असते. धुवणातला सोडा बाष्पीभवनाने दाट करून पुन्हा वापरता येतो. पंचगंगेच्या काठी ही केवळ काटकसर नव्हे. जो सोडा परत मिळवला जात नाही, तो सांडपाण्यात जातो.